‘त्यात गोळीच नसते’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या बहिणीने मला एक संदेश पाठवला आणि त्याखाली एवढेच लिहिले, “दादा, हे खरे आहे का ते आजच सांग.” ‘गोळीबारात सापडलात तर जीव वाचवणाऱ्या सात गोष्टी’ असे त्याचे शीर्षक होते, आणि तो अनेकदा पुढे पाठवला गेल्याची खूणही त्यावर होती. बहिणीला तो तिच्याच मुलाने पाठवला होता. माझ्या या भाच्याच्या कॉलेजच्या नाटकात शेवटच्या अंकात एक पात्र दुसऱ्याच्या कपाळाला पिस्तूल टेकवून चाप ओढते, आणि त्या प्रसंगासाठी मुलांनी ब्लँक, म्हणजे पुढे गोळी नसलेली, काडतुसे उडवणारे पिस्तूल भाड्याने आणले आहे. आईने हरकत घेतली तेव्हा त्याने पुरावा म्हणून हा संदेश पुढे केला. मी फोन केल्यावर मलाही त्याने तेच ऐकवले, “मामा, त्यात गोळीच नसते, नुसता आवाज होतो.”

संदेशातले सातही मुद्दे चित्रपटांतून आणि मालिकांतून उचललेले आहेत. पडद्यावर ते कथेच्या सोयीसाठी असतात आणि तिथे त्यांच्याविषयी माझी फारशी तक्रार नाही. पण तीच सोय ‘जीव वाचवण्याचा उपाय’ म्हणून घराघरांत पाठवली जाते तेव्हा गप्प बसणे मला शक्य नाही. भाच्याने ज्याचा आधार घेतला तो पाचवा मुद्दा सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेतो.

संदेश म्हणतो की चित्रीकरणात वापरली जाणारी ब्लँक काडतुसे पूर्णपणे सुरक्षित असतात आणि अगदी जवळून उडवली तरी इजा होत नाही. वास्तविक ब्लँक काडतुसात पुंगळी असते, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर असतो आणि खरीखुरी जळणारी दारू असते; नसते ती फक्त पुढची गोळी. दारू सांडू नये म्हणून पुंगळीचे तोंड चिमटून बंद करतात किंवा त्यात कागदाचा वा प्लास्टिकचा बोळा बसवतात. चाप ओढताच दारू पेटते आणि नळीच्या तोंडातून तप्त वायू, न जळलेले दारूचे कण आणि बोळा असेल तर तोही प्रचंड वेगाने बाहेर पडतो. अंतर वाढेल तसा हा जोर झपाट्याने ओसरतो, त्यामुळे लांब बसलेल्या प्रेक्षकाला सहसा काही होत नाही. या मुद्द्यात सत्याचा अंश असेल तर तो एवढाच. नळी शरीराला टेकलेली असेल तर त्या सगळ्या जोराला जायला दुसरी वाटच उरत नाही.

याचा पुरावा प्रयोगशाळेत शोधायला नको, कारण तो चित्रीकरणाच्या जागीच घडलेला आहे. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन-एरिक हेक्सम या २६ वर्षांच्या अमेरिकन अभिनेत्याने एका मालिकेच्या सेटवर, चित्रीकरण रखडलेले असताना, गमतीने ब्लँक भरलेले रिव्हॉल्वर स्वतःच्या कानशिलाला लावले आणि चाप ओढला. त्यात गोळी नव्हती. काडतुसातल्या बोळ्याच्या आणि वायूच्या आघाताने त्याची कवटी फुटली, हाडाचा नाण्याएवढा तुकडा मेंदूत घुसला आणि सहा दिवसांनी तो मृत्यू पावला. भाच्याच्या संहितेत जे लिहिले आहे त्यात आणि या घटनेत फरक फक्त कानशील आणि कपाळ यांचा आहे.

दुसरी घटना अधिक प्रसिद्ध आहे, पण तिचे कारण फार थोड्यांना माहीत असते. ३१ मार्च १९९३ रोजी ब्रूस ली यांचा मुलगा ब्रँडन ली, वय २८, चित्रीकरणात झाडलेल्या ब्लँकने मारला गेला. त्याआधीच्या एका दृश्यासाठी त्याच रिव्हॉल्वरमध्ये डमी काडतुसे भरली होती. जवळून घेतलेल्या दृश्यात काडतूस खरे दिसावे म्हणून डमीला पुढे गोळी असते आणि आत दारू नसते. ती डमी मात्र खऱ्या काडतुसांतली दारू काढून घाईने बनवली होती आणि तिचा प्रायमर तसाच जिवंत राहिला होता. प्रायमरच्या एवढ्याशा स्फोटाने गोळी पुंगळीतून सुटली आणि नळीत अडकून बसली. ते कोणी पाहिले नाही. पुढे त्याच शस्त्रात ब्लँक भरून लीच्या दिशेने झाडले गेले, तेव्हा ब्लँकच्या दारूने नळीतली गोळी जवळजवळ खऱ्या गोळीइतक्याच जोराने बाहेर फेकली. म्हणजे काडतुसात गोळी नाही याची खात्री करून घेतली तरी नळीत काही नाही याची खात्री झालेली नसते.

तिसरी घटना २१ ऑक्टोबर २०२१ ची. न्यू मेक्सिकोतल्या एका चित्रपटाच्या तालमीत छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स यांचा गोळी लागून मृत्यू झाला आणि तीच गोळी पुढे दिग्दर्शकाच्या खांद्यात शिरली. रिव्हॉल्वरमध्ये जिवंत काडतूस नाही असे सेटवर मोठ्याने सांगितले गेले होते, आणि प्रत्यक्षात त्यात ते होते. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी १८ महिन्यांची शिक्षा झाली. हे तिन्ही सेट व्यावसायिक होते, तिथे शस्त्र हाताळण्यासाठी पगारी माणसे नेमलेली होती. कॉलेजच्या मंडळात हे काम कोणाकडे आहे, असे मी भाच्याला विचारले तेव्हा त्याने प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या मुलाचे नाव सांगितले.

आता पहिला आणि तिसरा मुद्दा एकत्र घेतो, कारण ते एकाच गैरसमजातून आलेले आहेत. संदेश सांगतो की हाताला, पायाला किंवा खांद्याला लागलेली गोळी जिवावर बेतत नाही, आणि गोळी आत राहिली तर विष पसरते, म्हणून सुरी तापवून ती ताबडतोब बाहेर काढावी. यातले एकही विधान खरे नाही. मांडीतून फेमोरल ही मोठी धमनी जाते. ती फाटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने मरू शकतो. खांद्याची गत त्याहून अवघड आहे. तिथे गळपट्टीच्या हाडाखालून हाताकडे जाणारी मोठी धमनी असते, हाताच्या मज्जातंतूंचा जुडगा असतो आणि फुप्फुसाचे वरचे टोकही लागूनच असते. मांडीवर करकचून पट्टा बांधता येतो, खांद्यावर तोही नीट बांधता येत नाही. पडद्यावरचा नायक खांद्यावर रुमाल गुंडाळून पुढची मारामारी करतो. खऱ्या माणसाचा तो हात त्यानंतर कधी नीट वर उचलला जाईल याची खात्री कोणताही शल्यविशारद देणार नाही.

गोळी उकरून काढण्याच्या सल्ल्याचे सर्वांत मोठे बळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड ठरले. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांतली एक पाठीत शिरली आणि स्वादुपिंडाच्या मागे जाऊन थांबली. नामांकित डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि अवजारे जखमेत घालून पुन्हा पुन्हा तिचा शोध घेतला. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातू शोधणारे यंत्र बनवून आणले, पण डॉक्टरांनी गोळी उजव्या बाजूला आहे असे ठरवूनच टाकले होते आणि ती डावीकडे होती. ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेखन त्याआधी १४ वर्षे प्रसिद्ध झालेले होते, तरी ते कोणी मनावर घेतले नाही. जखम चिघळत गेली आणि १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. शवविच्छेदनात गोळीभोवती शरीराने स्वतःच आवरण तयार केलेले आढळले.

याच्या उलट उदाहरण त्याच पदावर राहिलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांचे आहे. १४ ऑक्टोबर १९१२ रोजी मिलवॉकीत त्यांच्या छातीत गोळी शिरली. खिशातले घडी घातलेले जाडजूड भाषण आणि चष्म्याचे घर यांनी तिचा वेग कमी केला होता. ती काढणे अधिक धोक्याचे आहे असे डॉक्टरांनी ठरवले, आणि रूझवेल्ट त्यापुढे सुमारे सहा वर्षे ती छातीत घेऊनच जगले. आजही शल्यविशारद अनेकदा गोळी आतच राहू देतात, कारण जीव जातो तो बहुधा रक्तस्रावाने किंवा आतल्या अवयवांच्या इजेने. जखमेत काहीही खुपसू नये, स्वच्छ कापडाने सारखा आणि घट्ट दाब देत राहावे, हातापायातून रक्त थांबत नसेल तर जखमेपासून धडाकडच्या बाजूला पट्टा आवळावा आणि माणसाला शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे. संदेश लिहिणाऱ्याला एवढीच चार वाक्ये लिहिता आली असती.

सहाव्या मुद्द्यावरही थांबावे लागते. गोळी लागलेला माणूस मागे फेकला जातो आणि जागीच कोसळतो, म्हणून जो उभा आहे त्याला गोळी लागलेली नाही असे समजावे, असा तो मुद्दा आहे. पिस्तुलाची साधारण ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने आली आणि ७० किलोच्या माणसात थांबली, तर त्या माणसाला मिळणारा वेग सेकंदाला सुमारे ४ सेंटिमीटर भरतो. तेवढ्याने कोणी उडत नाही. अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने १९८९ मध्ये पिस्तुलाच्या जखमांवर एक अहवाल तयार केला होता, आणि या विषयावर इतके स्पष्ट लेखन मी दुसरे वाचलेले नाही. गोळीत माणसाला पाडण्याइतका जोर असता तर झाडणाराही तितक्याच जोराने मागे पडला असता, असे त्यात म्हटले आहे. हृदय पूर्ण निकामी झाले तरी मेंदूत १० ते १५ सेकंद हालचाल करण्यापुरता प्राणवायू शिल्लक असतो, असेही त्यात नोंदवले आहे. मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती त्यातली आणखी एक नोंद : किरकोळ जखमेनेही काही माणसे कोसळतात, आणि गोळी लागल्यावर माणूस काय करतो याविषयी मनात आधीच बसलेली कल्पना हे त्याच्या कारणांपैकी एक आहे. ही कल्पना बहुतेकांच्या मनात कुठून आली असेल ते वेगळे सांगायला नको. गोंधळात वेदना उशिरा जाणवते, म्हणून गोळीबारातून निसटलेल्या माणसाने तो उभा असला तरी अंगावर कुठे रक्त आहे का हे आधी तपासावे, हाच खरा सल्ला आहे आणि संदेश नेमका त्याच्या उलट सांगतो.

बाकीच्या तीन मुद्द्यांना इतका वेळ देण्याची गरज नाही. सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही हे खोटे आहे. बंदुकीचा आवाज साधारण १४० ते १७० डेसिबल असतो आणि सायलेन्सर त्यातून २० ते ३५ डेसिबल कमी करतो. हा फरक मोठा आहे हे मान्य, पण उरलेला आवाजही मोठाच असतो, आणि ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतला कडाका सायलेन्सरला थांबवता येत नाही. सहा गोळ्या मोजाव्यात आणि मग पळावे, हा सल्ला रिव्हॉल्वरमध्ये बहुधा सहा घरे असतात या अर्धसत्यावर उभा आहे. पाच, सात आणि आठ घरांची रिव्हॉल्वरेही असतात, आणि आजच्या अनेक पिस्तुलांच्या मॅगझिनमध्ये १५ किंवा १७ काडतुसे मावतात. पडद्यावर दुसरे टोकही दिसते. मिनिटाला ६०० गोळ्यांच्या वेगाने चालणाऱ्या रायफलचे ३० गोळ्यांचे मॅगझिन ३ सेकंदांत रिकामे होते, तरी नायक ते मिनिटभर चालवत राहतो. मोटारीच्या दाराआड किंवा उलथवलेल्या टेबलाआड लपण्याचा सातवा मुद्दाही असाच आहे. दार म्हणजे पातळ पत्रा आणि काच, त्यातून गोळी सहज आरपार जाते. इंजिनाचा भाग मात्र पुष्कळ अडवतो, आणि समोरच्याच्या नजरेआड होण्याचाही थोडा उपयोग असतो, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो.

हे सगळे मी भाच्याला काल फोनवर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “मामा, पण मग प्रसंग खोटा वाटणार नाही का?” प्रश्न रास्त आहे. नळी आतून पूर्ण भरीव असलेले नकली पिस्तूल वापरावे, बाराचा आवाज ध्वनिक्षेपकातून द्यावा, आणि नळी कपाळाला न टेकवता समोरच्या नटाच्या बाजूने किंचित मागे रोखावी. प्रेक्षागृहातून पाहणाऱ्याला हा कोन कळत नाही. आवाज सोडणाऱ्या मुलाने नटाच्या हाताकडे पाहून वेळ साधायची असते, त्यासाठी चार-पाच तालमी लागतील आणि त्यांच्याकडे अजून तीन आठवडे आहेत. उद्याच्या तालमीला मी स्वतः जाणार आहे; भाड्याने आणलेले पिस्तूल त्याआधी परत करून टाका, असे मी त्यांच्या दिग्दर्शकाला आज रात्रीच कळवतो आहे.