‘बाथरूममध्ये गॅस गीझर बसवला नाही’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमची तक्रार अशी : आमच्या फिटरने बाथरूममध्ये गीझर लावायला नकार दिला, व्हिजिटचे २०० रुपये घेतले, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने तिथेच अर्ध्या तासात लावून दिला. शेजाऱ्यांकडे आतच आहे, तुमच्याकडे एक्झॉस्ट फॅनही आहे, तेव्हा गीझर बाहेर लावायला सांगून आम्हाला फक्त जादा पाइपाचे पैसे हवे होते.

तो नकार दुकानाचा होता, फिटरचा नव्हे, आणि आजही कायम आहे.

५ बाय ७ चं, ९ फूट उंच बाथरूम म्हणजे साधारण ९ घनमीटर हवा. ६ लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. किलोभर गॅसला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. दार-खिडकी लावून दहा मिनिटं नळ चालला की आतला जवळपास पाचवा हिस्सा ऑक्सिजन संपतो. मग गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम घातलेला वास ज्योतीतच जळून जातो, म्हणून ‘वास आला तर कळेल’ यावर विसंबू नका. रक्तातल्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं आणि कडी काढायचंही भान राहत नाही.

फॅन विजेवर चालतो, गीझर सेलवर. पावसात वीज गेली की फॅन थांबतो, ज्योत चालूच. शिवाय खाली झरोका नसेल तर फॅन असूनही ताजी हवा येणार कुठून? किनाऱ्यावर तर खाऱ्या वाऱ्याने बर्नर गंजतो, तांब्याच्या पात्यांत काजळी धरते, कुंभारीण माशी भोकांत माती भरते. झड येते म्हणून लोक झरोक्याला प्लास्टिक लावतात. बहुतेक गीझरांतला २० मिनिटांचा टायमरही नळ बंद करून उघडला की नव्याने मोजायला लागतो.

पाइपाचं म्हणाल तर मागच्या पडवीत, पावळीच्या आत, बाहेरच्या भिंतीवर गीझर. चिऱ्याला भोक पाडून अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा) पाइप आत. बारा फुटांत अर्धा लिटर पाणीही मावत नाही, पाच सेकंदांत गरम पाणी येतं.

तोवर एवढं कराच : दार सताड उघडं ठेवून बादल्या भरा, गीझर आणि सिलिंडर बंद करा, मगच अंघोळीला जा. गरोदर बाई, लहान मूल, हृदयविकार असलेलं माणूस घरात असेल तर तो गीझर पेटवूच नका. पिवळी, लोळणारी ज्योत किंवा काजळी दिसली तर कोणीच वापरू नका.

कोणाला भोवळ आलीच तर दार उघडून आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ लावा आणि डॉक्टरांना ‘गॅस गीझर चालू होता’ हे आवर्जून सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखवतं, त्यावर जाऊ नका.

गीझर बाहेर हलवायचा असेल तर दुकानात कळवा. तो आमच्याकडून घेतलेला नसला तरी काम करू, आणि भरलेले २०० रुपये मजुरीत वळते करू.

— गीझर विक्री व दुरुस्ती, रत्नागिरी