कोऱ्या फोटोला दाद द्यायची कशी?

बडोद्याच्या मराठी माणसाला कलेतलं कळलंच पाहिजे. रविवर्म्याला बोलावून घेणाऱ्या सयाजीरावांचं हे गाव, वर १९५० पासून फाइन आर्ट्स फॅकल्टी दाराशी. अशा गावात मंडळाच्या ग्रुपवर एखाद्या ज्येष्ठ हौशी छायाचित्रकारांनी पांढराफटक चौकोन टाकला, खाली 'मौन – ३' असं लिहिलं, तर शोभेलसं वागता यायला हवं. गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर जे झालं ते बघून या सूचना लिहितोय.

सर्वात आधी, 'लोड होत नाहीये' असं चुकूनही लिहू नका. आमच्या एका काकूंनी लिहिलं. एका काकांनी फोन दोनदा बंद करून चालू केला. रावपुऱ्यातल्या मामांनी तर वायफायवाल्याला फोन लावून झापलं. कुणीतरी विचारलं, "डिलीट केलंत का? मी बघितलाच नव्हता ने!" हे सगळे आता अरसिकांच्या यादीत आहेत.

झूम करा. काही दिसणार नाही, तरी 'उजव्या कोपऱ्यात एक अस्वस्थता जाणवते' असं लिहा.

'मौन – १' आणि 'मौन – २' पेक्षा हे जास्त प्रगल्भ आहे, असंही म्हणा. तिन्ही फाइली एकच असल्या तरी.

शटर, अ‍ॅपर्चर काहीही विचारू नका. भर दुपारी शटर हवं त्यापेक्षा जास्त उघडं राहिलं की फोटो जळतो, आणि जळलेला तपशील कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही, हे शाळेच्या फोटोग्राफी क्लबातल्या पोरालाही माहीत असतं. तुम्ही विसरा.

आणि परदेशी नावं फेका. मालेविच म्हणा, सुगिमोतो म्हणा. फक्त त्यांच्याबद्दल वाचू नका, वाचलंत की पंचाईत. मालेविचने १९१८ साली पांढऱ्यावर पांढरा चौकोन रंगवला खरा, पण तो तिरका आहे, त्याच्या कडा दिसतात, ब्रशचे फटकारे दिसतात. हिरोशी सुगिमोतो थिएटरात मोठा कॅमेरा लावायचा, सिनेमा सुरू झाला की शटर उघडायचा आणि संपल्यावर बंद करायचा. अख्खा सिनेमा त्या एका पांढऱ्या पडद्यात जमा व्हायचा, आणि त्याच उजेडात थिएटरचं छत, नक्षी, खुर्च्या उमटायच्या. त्या पांढऱ्यामागे दोन तास उभं राहणं आहे हो! आणि नुसता कोरा कागद तर १८८३ सालीच पॅरिसच्या प्रदर्शनात लागून गेलाय. आल्फाँस आले नावाच्या विनोदी लेखकाने तो लावला आणि नाव दिलं, 'बर्फात निघालेल्या रक्तक्षयी मुलींचा पहिला धर्मविधी'. त्याने गंमत म्हणून केलं आणि लोक हसले. आमच्याकडे हसलेल्या माणसाला अ‍ॅडमिनचा खासगी मेसेज येतो, 'मोठ्या माणसांचा मान ठेवा.' डेन्मार्कमध्ये २०२१ साली एका कलावंताने म्युझियमकडून पाच लाखांवर क्रोनर घेतले, दोन कोरे कॅनव्हास पाठवले आणि नाव ठेवलं 'पैसे घ्या आणि पळा'. त्याने निदान नावात तरी खरं सांगितलं! कोर्टाने २०२३ साली बहुतेक रक्कम परत करायला लावली ती वेगळी गोष्ट. आमचे साहेब मात्र फ्रेमसकट पाचच प्रती काढणार आहेत, 'मर्यादित आवृत्ती'. पांढऱ्या कागदाची मर्यादित आवृत्ती! किंमत विचारलीत तर तुम्ही व्यापारी.

एक गुण मात्र मान्य, फाइल मेमरी खात नाही.

आता सूचना पुरे. त्याच दिवशी, त्याच ग्रुपवर, आमच्या वाड्यातल्या कॉलेजच्या पोराने एक फोटो टाकला होता. गेंडी गेटजवळ उत्तरायणाच्या पतंगांची दोरी रंगवणाऱ्या माणसाचा हात. तळवा गुलाबी, बोटांवर चिकटपट्ट्या, एका पट्टीखालून नवा काप डोकावतोय. पोरगं सकाळपासून तिथे उकिडवं बसलं होतं. त्याला मिळाला एक अंगठा, तोही त्याच्या आईचा. आणि कोऱ्या चौकोनाखाली 'निःशब्द', 'नतमस्तक', हात जोडलेले, फुलं. तुम्हाला त्यात काही दिसलं नव्हतं, मलाही नव्हतं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ते गृहस्थ ट्रस्टी आहेत, हॉल त्यांच्या शिफारशीवर मिळतो, म्हणून टाळ्या वाजवल्यात. सरळ सांगा ना तसं! कलेला कशाला मध्ये ओढता? साठी उलटली तरी खोटं बोलायला लाज कशी वाटत नाही? जा, आधी त्या पोराच्या फोटोखाली दोन शब्द लिहा, मग माझ्याशी भांडायला या.