कोकमतेल घट्ट का, आणि बिब्ब्याचं तेल आम्ही का दिलं नाही

नमस्कार ताई,

आमच्या मालवणच्या दुकानाला एक तारा देऊन तुम्ही दोन तक्रारी लिहिल्या आहेत. कोकमाच्या तेलाचा गोळा दगडासारखा आहे, म्हणजे त्यात मेण असणार, ही पहिली. दुसरी, आईंच्या टाचांच्या भेगांसाठी बिब्ब्याचं तेल मागितलं तर काउंटरवरच्या मावशी ‘मिळणार नाही’ म्हणाल्या, वर आंब्याच्या चिकाबद्दल नको त्या चौकशा केल्या. नैसर्गिक वस्तू विकणारेच नैसर्गिक औषधाची भीती घालतात, असं तुमचं म्हणणं.

तेलात मेण नाही. कोकमाच्या बियांच्या तेलात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, त्यामुळे ते वितळायला ४० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. तळहात तेवढा गरम नसतो. थोडं तेल वाटीत खरवडून घ्या, वाटी गरम पाण्यात धरा, पातळ होईल. रात्री पाय धुऊन टिपले की लगेच लावा. (काही गिऱ्हाईकं हेच तेल उन्हासाठी नेतात. त्यांनाही आम्ही सांगतो, ते त्वचेतला ओलावा टिकवतं, ऊन अडवत नाही.) तरी शंका राहिली तर गोळा परत आणा, पैसे देतो.

बिब्ब्याबाबत मात्र मी मावशींच्या बाजूने आहे. आंब्याचा चीक लागला की आईंच्या ओठांवर फोड येतात, हे तुम्हीच त्यांना सांगितलंत. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. काजूच्या टरफलात कार्डोल आणि अनाकार्डिक आम्ल असतं, बिब्ब्यात त्यांच्याच जवळची भिलावनॉल नावाची द्रव्यं. ज्याला एकाचा त्रास होतो त्याला दुसऱ्याचाही होण्याची भीती असते. शिवाय तो बहुधा लगेच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी खाज सुटते, मग पाण्याने भरलेले फोड. बिब्बा उतला म्हणतात तो असा. भेगांमध्ये तर त्वचा आधीच उघडी असते, आणि मधुमेह असेल तर टाचेची जखम चिघळायला वेळ लागत नाही.

आयुर्वेदात भल्लातक, म्हणजे बिब्बा, औषध आहे, हे तुमचं बरोबर. पण वैद्य तो शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत, विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचं तेल कमी करतात. आपल्या औषध नियमांच्या ई(१) परिशिष्टात, आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीतही भल्लातक आहे. पिढ्यान्‌पिढ्या भेगांना बिब्बा लावत आले हे मलाही ठाऊक आहे, आणि त्यातले किती जण उतले हेही गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

मावशींनी आधी कारखान्यात काजू फोडण्याचं काम केलंय. हाताला तेल आणि राख लावूनही टरफलातलं तेल बोटांची सालं काढतं. त्यामुळे त्यांचा आवाज चढला असेल, पण प्रश्न त्यांनी नेमका विचारला. बिब्ब्याचं तेल आम्ही ठेवत नाही, पुढेही ठेवणार नाही.

तुम्ही ते दुसरीकडून आणून लावलं असेल तर आधी साबण आणि भरपूर पाण्याने पाय धुवा, तो हात डोळ्यांना लावू नका, आणि फोड येण्याची वाट न बघता आईंना त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या.