डॉ. जॅक हरले म्हणता? माझ्या आजीचं मत कुठे मोजलंत?

आज १६ जानेवारी. सकाळी शाळेच्या ग्रुपवर मी एवढंच टाकलं होतं, "अस्मिताय दिसाच्या शुभेच्छा. डॉ. जॅक सिक्वेरांना वंदन." (१९६७ मध्ये याच दिवशी जनमत कौल झाला आणि गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. विलीनीकरणाच्या विरोधातले मोठे पुढारी म्हणजे डॉ. जॅक.) दहा मिनिटांत एका वर्गमित्राचं उत्तर आलं: "ज्याला लोकांनी कधी मुख्यमंत्री केलं नाही, त्याला कसलं वंदन? जनमत कौलानंतर दोन महिन्यांत लोकांनी त्याची जागा दाखवली." खाली सहा अंगठे. त्यातले चार तर आमच्याच डिचोली तालुक्यातले.

तेव्हापासून डोकं भणभणतंय. ग्रुपवर भांडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून इथे लिहिते.

आधी माझ्या आजीची गोष्ट ऐका. आजोबा कट्टर मगोवाले, म्हणजे विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे. घरात देवांच्या शेजारी मगोचे पुढारी आणि तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा फोटो. जानेवारी १९६७ मध्ये त्यांनी घरातल्या बायकांची रीतसर शिकवणी घेतली होती. विलीनीकरणाची निशाणी फूल, गोवा वेगळा ठेवायचा तर दोन पानं. आजीला अक्षरओळख नव्हती, म्हणून आजोबांनी चुलीपुढच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाने फूल काढलं, शेजारी दोन पानं काढली आणि तिला तीनतीनदा बोट ठेवायला लावलं. तिन्ही वेळा तिने फुलावरच बोट ठेवलं. मतदानाला सगळ्यांना घेऊन गेले गावच्या मराठी शाळेत.

आजी पानांवर मत देऊन आली. आणि हे तिने वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही.

सांगितलं ते ३० मे १९८७ ला, गोवा राज्य झालं त्या दिवशी. आजोबा जाऊन आठ वर्षं झाली होती. मी अठरा वर्षांची, तिच्या पायांना तेल लावत बसले होते. एकदम म्हणाली, "हांवें पानांचेर मारिल्लें." मी विचारलं, का गं? तर म्हणे, "मामलेदार हांगाच बरो. मुंबय कोणे पळयल्या?" मामलेदार इथलाच बरा, मुंबई कुणी पाहिलीय?

एवढंच कारण. भाषा नाही, संस्कृती नाही, भाषणं नाहीत. जमिनीचं काम अडलं तर चालत जाऊन मामलेदारासमोर उभं राहता आलं पाहिजे, बस्स. मला आजही यापेक्षा शहाणं राजकारण कुणाकडून ऐकायला मिळालेलं नाही.

आता त्या वर्गमित्राला सांगते. विधानसभेत बहुमत मगोचं होतं. १९६५ च्या जानेवारीत विलीनीकरणाचा ठरावही मंजूर झाला होता. आमदारांची डोकी मोजून विषय संपला असता. हा निर्णय आमदारांनी नव्हे, लोकांनी घ्यायचा, हा हट्ट कुणी धरला? विरोधी पक्षनेत्याने. अवघे बारा आमदार घेऊन बसलेल्या माणसाने दिल्लीच्या फेऱ्या मारल्या, सरकार खुर्चीत असताना कौल नको म्हणून आग्रह धरला, आणि ३ डिसेंबर १९६६ ला भाऊसाहेबांनी राजीनामा दिला. राजीनामा देणाऱ्याचाही मोठेपणा त्यात आहे, नाही म्हणत नाही. काँग्रेसच्या पुरुषोत्तम काकोडकरांनी या कौलासाठी दिल्लीत जे केलं तेही खरं. मडगावहून निघणारं दैनिक 'राष्ट्रमत', त्यात लिहिणारे उदय भेंब्रे, गावोगाव गाणारे उल्हास बुयांव, सगळ्यांचा वाटा आहे. श्रेय एकट्याचं नाही, मान्य. पण एकट्याचं नाही म्हणून त्याचं काहीच नाही, हे कुठलं गणित?

निकाल काय लागला? पानांना १,७२,१९१ मतं. फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. गोव्यात तेव्हाही हिंदूच जास्त होते. मग ही मतं काय एकट्या ख्रिस्तीबहुल साष्टी तालुक्यातून आली? ती आमच्या चुलींपुढून आली, नवऱ्याने काढून दिलेल्या फुलावर तीनदा बोट ठेवून गेलेल्या बायकांनी दिली. आणि तुम्ही त्या बायकांचे नातू असून "ते पाद्र्यांचं राजकारण होतं" म्हणता? लाज वाटली पाहिजे. खरंच वाटली पाहिजे!

हो, मार्च १९६७ मध्ये निवडणूक झाली आणि मगोला १६ जागा मिळाल्या, डॉ. जॅकच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२. भाऊसाहेब परत मुख्यमंत्री. ज्या लोकांनी त्यांचा मुद्दा नाकारला त्यांनीच त्यांना निवडून दिलं, आणि ज्याचा मुद्दा उचलून धरला त्याला विरोधी बाकांवर ठेवलं. माझ्या आजीनेही तेच केलं. जानेवारीत पानं, मार्चमध्ये मगोचा सिंह. सिंहाला तर मनापासून दिलं, असं म्हणाली.

मी तिला तेव्हा चिडून विचारलं होतं. कॉलेजात जात होते, कोकणी-मराठी राजभाषेच्या आंदोलनातून नुकते सगळे बाहेर पडलो होतो, रक्त गरम होतं. म्हटलं, मग डॉ. जॅकना का नाही दिलंस? तिने पाय आखडून घेतला आणि म्हणाली, "तो दोतोर आमच्या दारांत केन्ना आयलो? भाऊ आयिल्लो."

यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

आम्ही भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर करून राहणारे मुंडकार. कूळ कायदा १९६४ चा, भाऊसाहेबांचा. ज्या शाळेत आजीने फुलाच्या विरोधात मत दिलं ती शाळाही भाऊंच्याच काळातली. आणि डॉ. जॅकच्या पक्षात आमच्या लोकांना दिसत होते ते भाटकार. तो पक्ष साष्टीतून निघून डिचोली, पेडणे, सत्तरीपर्यंत कधी नीट पोचलाच नाही. ही त्यांची चूकच होती, मी पांघरूण घालणार नाही. पुढे तर पक्षही राहिला नाही, १९७७ मध्ये ते जनता पक्षात गेले.

पण म्हणून तो माणूस हरला? आजीसारख्या हजारोंनी त्याला सांगितलं, तुझं म्हणणं बरोबर, पण घर तुझ्या हातात देणार नाही. हे ऐकून घेऊन त्याने १९६७ नंतरही विरोधी बाकांवरून काम केलं. कुणावर सूड उगवला नाही. स्वतःची खुर्ची सोडून दुसरंच काहीतरी जिंकून देणारा पुढारी आज दाखवा मला एक. एक दाखवा. आत्ताचे आमचे निवडून येणारे निकालाच्या रात्री कुठल्या हॉटेलात असतात, ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि कौल उलटा गेला असता तर? माझं सासर बांद्याला. महाराष्ट्राशी माझं वैर नाही, मी वाचते-लिहिते मराठीतच. पण सावंतवाडी-दोडामार्गचा पेशंट आजही गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात आणावा लागतो. माझ्या सासऱ्यांना असंच रात्री गाडीत घालून आणलं होतं. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडल्यावर दीर म्हणाला, "आता पोचलो." तेव्हा मला आजीचा मामलेदार आठवला.

पर्वरीला विधानसभेच्या आवारात भाऊसाहेबांचा पुतळा आहे. असायलाच हवा. त्याच आवारात डॉ. जॅकचा बसवा म्हटलं की फाटे फुटतात. कशासाठी भिता? माझ्या अशिक्षित आजीला दोघं एकाच घरात चालत होते, देवाशेजारी एकाचा फोटो आणि मनात दुसऱ्याची पानं. तुम्हाला चाळीस आमदारांच्या अंगणात चालत नाहीत?

असो. लिहिता लिहिता राग थोडा उतरला. तो वर्गमित्र वाईट नाही. माझे वडील वारले तेव्हा रात्रभर थांबला होता. त्याची आजी आणि माझी आजी एकाच दिवशी, एकाच वाटेने त्या शाळेत गेल्या होत्या. त्याला विचारणार आहे, तुझ्या आजीने काय केलं, कधी विचारलं होतंस का?

डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंड्यातल्यांनो, तुमच्या घरात कुणी गुपचूप पानांवर मत दिलं असेल तर खाली लिहा. नाव नको, नुसतं गाव आणि नातं लिहा. माझं मी लिहिते: डिचोली, आजी. मतदानाहून आल्यावर तिने पहिलं काम काय केलं माहीत आहे? चुलीपुढचं ते पिठाचं फूल आणि पानं, सगळं ओल्या फडक्याने पुसून घेतलं. आजोबा अजून शाळेपाशीच उभे होते, मतं मोजत.