आम्ही फक्त लंडनला चाललोय

गेला महिनाभर जो भेटेल तो तोंड वाकडं करून विचारतोय, "फक्त लंडन? एवढं विमानभाडं घालून एकच गाव?" गल्लीतल्या भाजीवाल्या मावशींपासून आमच्या मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांना सांगून दमले. म्हणून एकदाच इथं लिहून टाकते.

सुरुवात आमचीही तशीच झाली होती. मालकांनी एका प्रवास कंपनीचं पत्रक आणलं. अकरा दिवस, आठ देश. मी शाळेत वेळापत्रक लावणारी बाई, वही काढून तास मांडायला बसले. बसमध्ये किती, बॅगा भरण्यात किती, लोकांची वाट बघण्यात किती. हिशेब झाल्यावर पॅरिसच्या वाट्याला जेमतेम शाळेची मधली सुट्टी आली.

आणि मला आपले रंकाळ्यावरचे पाहुणे आठवले. शनिवारी सकाळी उतरतात. अंबाबाईचं दर्शन, मिसळ, रंकाळ्यावर फोटो, दुपारी तांबडा-पांढरा, चप्पल, चार वाजता पन्हाळा, की "कोल्हापूर झालं". मग त्यांच्या माघारी आपण काय बोलतो ते आठवा. गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दूध प्यायले नाहीत, खासबागेच्या कुस्ती मैदानात डोकावले नाहीत, संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर काही न करता बसले नाहीत, आणि म्हणे कोल्हापूर झालं! "झालं" हा शब्द धुण्याभांड्यांना लावावा. आपल्या गावाबद्दल हे ऐकून आपलं डोकं फिरतं, मग दुसऱ्याच्या गावाला जाताना आपणच तसं का करायचं?

सासूबाईंनी तर एका वाक्यात निकाल लावला. "आठ देश बघून ध्यानात काय ऱ्हाणार हाय? मला बाबासाहेबांचं घर दावा, बाकी राणीचा वाडा तुमी बघा."

त्यांचं माहेर माणगावजवळचं. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांना पुढारी म्हणून लोकांपुढं उभं केलं, ही गोष्ट त्या आपल्या आजोबांकडून ऐकत वाढल्या. त्याच वर्षी बाबासाहेब राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. १९२१-२२ मध्ये ते राहायचे ते १०, किंग हेन्रीज रोडचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. तर आमच्या यादीत पहिलं नाव बिग बेनचं नाही, या घराचं आहे. जाण्याआधी ते कोणत्या वारी उघडं असतं ते बघायचंय, नाहीतर सासूबाई दारातून परत येतील आणि मला जन्मभर ऐकावं लागेल.

या एका घरानं आमचा निम्मा बेत ठरवून दिला. घराजवळच प्रिमरोझ हिल नावाची टेकडी आहे, तिच्यावरून अख्खं लंडन दिसतं, फुकट. त्यामुळं तो मोठा पाळणा, लंडन आय, आम्ही कापला. जोतिबाच्या डोंगरावरून गाव बघणाऱ्या माणसांना तिकीट काढून काचेच्या डब्यात बसायची हौस कशाला?

तसं कोल्हापूरला लंडन नवं नाही. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्येच विलायत बघून आले, म्हणजे येणार होते. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. तिथं आर्नो नदीच्या काठी त्यांचं स्मारक आहे आणि प्रवासातली त्यांची रोजनिशी १८७२ मध्ये लंडनलाच छापली गेली. पुढं १९०२ मध्ये शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी गेले. समारंभ ठरला होता २६ जूनला, पण ऐनवेळी राजाचं अपेंडिक्स दुखावलं, ऑपरेशन झालं आणि मुकुट चढला ९ ऑगस्टला. साम्राज्याचं वेळापत्रक दीड महिना सरकू शकतं, तर माझ्या वहीतलं का नाही? म्हणून एक अख्खा दिवस मी कोरा ठेवलाय.

आता मुद्दा सासूबाईंच्या गुडघ्यांचा, कारण आमचा सगळा बेत त्यांच्यावरच उभा आहे. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ ची, जगातली पहिली. तिचं कौतुक आहेच, पण तेवढ्या जुन्या कामात लिफ्ट कुठून येणार? २७२ स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांश स्टेशनांवरच पायऱ्या न चढता ये-जा करता येते. अशा स्टेशनांचा वेगळा नकाशा मिळतो. ज्यांच्या घरात वयस्कर माणूस आहे त्यांनी हॉटेल बुक करण्याआधी तो उघडावा. आम्ही आधी हॉटेल बघितलं, मग नकाशा, आणि बुकिंग रद्द केलं.

बस मात्र सगळ्या सखल, चढायला सोप्या. त्यामुळं आमचं लंडन बहुतेक बसमधूनच दिसणार, आणि मला त्यात काही कमी वाटत नाही. २४ नंबरची बस पार्लमेंट, ट्राफल्गर स्क्वेअर, कॅम्डन असं करत उत्तरेला जाते, म्हणजे बाबासाहेबांच्या घराच्या अंगालाच. आपल्या केएमटीच्या शहर बससारखा प्रवास आणि खिडकीतून सगळी मोठी ठिकाणं. फक्त बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. कार्ड टेकवायचं. एका तासात बस बदलली तरी भाडं एकदाच लागतं, आणि दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, त्यापुढं कापत नाहीत. मात्र एका कार्डावर एकच माणूस. आमच्या मालकांना वाटत होतं, एकच कार्ड तिघांत फिरवू.

मालकांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, त्यामुळं त्यांचा जीव सायन्स म्युझियममधल्या वॅटच्या काळातल्या वाफेच्या इंजिनांत अडकलाय. शेजारीच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. तिथं टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे, गोऱ्या शिपायाच्या गळ्यावर बसलेला. पोटात भाता आणि बाजा बसवलाय. हे यंत्र बघायला ते तासभर उभे राहतील याची मला खात्री आहे. आणि हो, वाघनखं बघायला तिथं जाऊ नका! ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला. ती महाराजांचीच का, यावर भांडणारे कमेंटमध्ये येतीलच, ते आपापसात बघून घ्या.

ही म्युझियमं, ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सगळी फुकट. पैसे मोजून आम्ही एकच ठिकाण बघणार, टॉवर ऑफ लंडन, तेही कोहिनूरसाठी. आपल्याच वस्तूला तिकीट काढून भेटायचं हे मालकांना पटत नाही. मलाही पटत नाही, पण बघायचंय.

मे महिना का, तर शाळेला सुट्टी असते म्हणून. पण नशिबानं वेळही चांगली निघाली. मे अखेरीस तिथं सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात चारच्या सुमारासच मावळतो. स्वस्त तिकीट म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा, निम्मा दिवस तिथंच गेला.

व्हिसाबद्दल थोडक्यात. अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे द्यायला पुण्याला, निकालाला साधारण तीन आठवडे. माझं शाळेचं रजेचं पत्र आणि मालकांचे जीएसटीचे कागद लावले. व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका, कोण कितीही सवलत दाखवू दे.

खाण्याचं विचारणाऱ्यांसाठी: दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, सुकं मटण तर नाहीच. चटणी आणि भडंग बॅगेत बसलंय. पांढऱ्या रश्श्याविना आठ दिवस निघतील, असं मालक म्हणतात, पण आवाजात जोर नाही.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून विमान. गुरुवारचं पान अजून कोरं आहे. रोज रात्री जेवण झालं की मालक पेन्सिल घेऊन त्या पानावर काहीतरी लिहायला बसतात, आणि मी शेजारी खोडरबर घेऊन.