मशीनला जोर नाही

‘आळशी’ हे विशेषण काल मला माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून बहाल करण्यात आलं. म्हणून हा खुलासा.

मी नववर्षाची शुभेच्छापत्रं घरी करतो. कापणं, घड्या घालणं, चिकटवणं सगळं हाताने. फक्त आतला मजकूर प्लॉटरकडून लिहून घेतो, कारण माझ्या अक्षरातल्या शुभेच्छा वाचून माणूस काळजीत पडतो. प्लॉटर म्हणजे प्रिंटर नव्हे. त्याच्या पकडीत खरंखुरं पेन अडकवायचं असतं, ते तो कागदावर फिरवतो. ‘बटण दाबलं की झालं’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ते पेन निवडून दाखवावं.

पेनं घडतात माणसाच्या हातासाठी. माणूस पेन तिरकं धरतो, अडलं की दाबतो, तरी नाही उमटलं तर समासात गिरगटतो. मशीन ते सरळ उभं धरतं आणि शाई उमटो न उमटो, पुढे चालू लागतं. जेलपेनाची गोळी सुरुवातीला क्षणभर कोरडीच फिरते. हाताने लिहिताना ते जाणवतही नाही. काळ्या कार्डावर पांढऱ्या जेलपेनाने मी ‘शुभेच्छा’ लिहायला सांगितलं, तर ‘भेच्छा’ मिळाल्या. उपाय आहे : कार्डाशेजारी एक चिटोरं चिकटवायचं आणि आधी त्यावर रेघ मारायला लावायची. ब्रशपेन मशीनला देण्यात अर्थ नाही. दाब कमी-जास्त होत नाही, त्यामुळे रेघ सगळीकडे सारखीच जाड. ड्रॉइंगची फायबर टोकाची पेनं त्यातल्या त्यात गुणी. पण त्यांच्या आकड्यांवर जाऊ नये. पिग्मा मायक्रॉन नावाच्या अशाच पेनावर 01 लिहिलेलं असतं आणि रेघ येते 0.25 मिलिमीटरची, 05 ची 0.45. शिवाय हातकागद असला की त्याचे तंतू टोकात अडकतात, आणि शाई रेघ सोडून भलतीकडे पसरते.

आणि अक्षरांचं तर विचारूच नका. नेहमीचा फाँट म्हणजे अक्षराची बाहेरची कड. मशीन ती इमानेइतबारे गिरवतं आणि आपल्याला पोकळ अक्षरं मिळतात. देवनागरीत वर शिरोरेषा. प्रत्येक अक्षराचा तुकडा शेजारच्यावर जरासा चढलेला असतो; पडद्यावर दिसत नाही, पण मशीन एकेक सांधा काढून दाखवतं. शेवटी मी सगळी अक्षरं एका रेघेत स्वतः काढली, रात्री जागून. आळशी म्हणे!

1774 साली पिएर जाके-द्रो या स्वित्झर्लंडच्या घड्याळजीने लिहिणारा यांत्रिक मुलगा पूर्ण केला. जवळपास 6000 भाग, हातात हंसाचं पीस. तो ते पीस शाईत बुडवतो आणि डाग पडू नये म्हणून झटकतो. झटकतो! माझ्या मशीनला अडीचशे वर्षांनंतरही ती अक्कल नाही. आणि ज्यांना शुभेच्छापत्राच्या मायेचे उमाळे येतात, त्यांच्यासाठी सांगतो : 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी नाताळचं छापील कार्ड काढलं, ते सगळ्यांना पत्रं लिहीत बसायला सवड नव्हती म्हणून. नावापुरती जागा कोरी ठेवली होती. म्हणजे या प्रथेचा पायाच कंटाळ्यावर घातलेला आहे.

हे सगळं मी शेजारच्या काकांना सांगू शकलो असतो. ते किल्ली ठेवायला आले आणि बसले.

“हे काय करतंय?”

“लिहितंय, काका.”

“कोणाला?”

“मावशीला.”

“मावशीला तू लिहायचं की याने?”

मजकूर माझाच आहे, म्हटलं. अक्षरही मीच काढलंय.

“म्हणजे तू हाताने लिहिलंस, ते याला दिलंस, आणि आता हे तेच परत लिहितंय?”

“हो.”

“मग पहिलंच पाठवायचं की.”

याला उत्तर आहे. चांगलं मुद्देसूद उत्तर आहे. ते मला रात्री साडेअकराला सुचलं.

तोवर काकांची नजर टेबलावरच्या पेनांकडे गेली होती. “एवढी पेनं? माझी अख्खी नोकरी एका पेनावर झाली.” असं म्हणून त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं. टोपणाला चावल्याच्या खुणा. “हे घाल.” मी समजावलं, काका, बॉलपेनाला दाब लागतो, इथे फक्त पकडीचं वजन असतं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि पेन पुढे केलेला हात तसाच ठेवला. घातलं.

मशीनने ओळभर लिहिलं. काही दिसेना. काकांनी मान तिरकी केली, कागदाशी डोळा नेला. “उमटलंय की! बोट फिरवून बघ.” खरंच, शाईविना नुसत्या चरी पडल्या होत्या. “याला जोर नाही,” असं निदान करून त्यांनी चालत्या पेनावर अंगठा ठेवला आणि दाबता दाबता ते आपल्याकडे ओढलं.

या मशीनला आपण कागदावर कुठे आहोत ते दिसत नाही. मोटर किती पावलं चालली एवढाच त्याचा हिशेब. मध्येच कोणी ओढलं की हिशेब चुकतो, पण मशीनला त्याचा पत्ता नसतो. शिरोरेषा मी शेवटी ठेवल्या होत्या. त्या अक्षरांच्या डोक्यावर यायच्या, त्या पोटातून गेल्या. ‘नवीन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा’, आणि एकूण एक शब्दावर सरळ, ठळक काट. अंगठ्याच्या कृपेने तेवढीच शाई उमटली होती.

“बघ, चालतंय पेन,” काका म्हणाले. आणि वर, “उगाच आळस. हाताने एव्हाना लिहून झालं असतं.”

विनोद बाजूला ठेवून सांगतो, मला राग आला. हेच काका दर सणाला फुलांचं एक चित्र सगळ्यांना ढकलतात, ज्याच्या कोपऱ्यात तिसऱ्याच कुठल्या तरी कुटुंबाचं नाव असतं. एकदा ते मलाच एका दिवसात दोनदा आलं. तिथे हात, माया, आपलेपणा कोणी काढत नाही. मी मात्र संध्याकाळभर एका टोकाची उंची जुळवत बसतो आणि ऐकून घेतो.

दारापर्यंत जाऊन काका वळले. “आमचीही पंधरा-वीस करून ठेव. नाहीतरी मशीनच करणार.”

बरं, म्हटलं.

“नावं तेवढी तू हाताने घाल. मशीनचं कसं, कोरडं वाटतं.”