जानेवारीत पासिंग केलं म्हणून गाडीचं साल बदलत नाही

‘डिसेंबरात सूट घेऊन गाडी बुक करा, पासिंग जानेवारीत करा; विकताना ती पुढच्या सालची धरतात,’ असा मेसेज फिरतोय. सूट खरी असते, पुढचं मात्र चूक आहे. आरसीवर नोंदणीच्या तारखेसोबत उत्पादनाचा महिना आणि वर्षही असतं. डीलर देतो त्या फॉर्म २१ वरही (विक्री प्रमाणपत्रावर) असतं. जुनी गाडी घेणारा आधी तेच बघतो. म्हणून तर वर्षअखेरीस डीलर साठा उतरवायला सूट देतात!

गाडी दहा-बारा वर्षं वापरणार असाल (आपल्याकडे बरीच घरं वापरतातच), तर डिसेंबरची सूट जरूर घ्या. तीन-चार वर्षांत विकणार असाल, तर मिळणारी सूट आणि पुढे घटणारी किंमत यांचा हिशोब आधी मांडा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.